ज्या मदतीला ऑनलाइन फॉर्म नाही, ती आधी मागा

पत्र

नमस्कार. मी सिडकोत, पवननगरच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहते. वय 38. पाच महिन्यांपूर्वी मिस्टर हार्ट अटॅकने गेले. अंबड एमआयडीसीत ठेकेदाराकडून सहा वर्षं कामाला होते. मुलगी 13 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा. सासूबाई 72 वर्षांच्या, त्या माझ्याजवळच असतात. दोन घरी पोळ्या करते, महिन्याचे साडेचार हजार येतात. लाडक्या बहिणीचे 1500 येतात. रेशन कार्ड केशरी, सिन्नर तालुक्यात गावी दिरांच्या नावावर. त्यात आम्हा सगळ्यांची नावं आहेत, पण धान्य तेच उचलतात. एका ओळखीच्याने 'विधवा पेन्शन, नवीन रेशन कार्ड, आयुष्मान सगळं ऑनलाइन करून देतो' म्हणून तीन हजार घेतले. दोन महिने झाले, नुसतं 'प्रोसेसमध्ये आहे' सांगतो. सासूबाईंच्या छातीत दुखतं, डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली आहे. दवाखान्यात आधी पैसे भरा म्हणतात. मोबाइलवर स्वतः फॉर्म भरायला बसले तर 'नाव जुळत नाही' येतं. कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, नवीन नाशिक

उत्तर

ताई, आधी सासूबाईंचं बघू. बाकीचं आठ दिवस थांबलं तरी चालेल, छातीत दुखणं थांबवून ठेवता येत नाही.

सासूबाई 72 वर्षांच्या आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, रेशन कार्डाचा रंगही बघितला जात नाही. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळतं आणि वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात विनाखर्च होतात. यासाठी फक्त आधार लागतं. मोबाइलवर आयुष्मान ॲप घ्या (सरकारी, राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचं), लाभार्थी म्हणून लॉगिन करा आणि 70 वर्षांवरील नोंदणीचा पर्याय निवडा. आधार क्रमांक टाकला की पडताळणी ओटीपीने किंवा चेहऱ्याच्या फोटोने होते. सासूबाईंच्या आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर चेहऱ्याचा पर्याय घ्या. त्या वेळी त्यांना दाराशी उजेडात बसवा, चष्मा काढा, डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्या. अंधाऱ्या खोलीत हीच पायरी दहादा फसते आणि लोक समजतात की कार्ड नामंजूर झालं.

इथे एक अडचण येऊ शकते. वय आधारवरचं धरतात. आपल्याकडच्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर अंदाजाने 1 जानेवारी आणि कुठलं तरी साल टाकलेलं असतं. सासूबाईंच्या आधारवर 68 वय दिसत असेल तर वय वंदना मिळणार नाही. तरीही घाबरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डधारकांना लागू आहे. तिच्यातही कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. गावाकडच्या केशरी कार्डावर सासूबाईंचं नाव आहे, तेवढं पुरतं. कार्ड दिरांकडे असेल तर आजच त्यांना पहिल्या आणि शेवटच्या पानाचा स्पष्ट फोटो पाठवायला सांगा. त्यावरचा बारा अंकी क्रमांक वहीत लिहून ठेवा. तो पुढे रेशनलाही लागणार आहे.

आता 'आधी पैसे भरा' याबद्दल. या दोन्ही योजना कॅशलेस आहेत. आधी बिल भरून नंतर परत मागायची सोय त्यांत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी थांबा आणि त्या रुग्णालयातला आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचा टेबल शोधा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात तो असतो, बहुधा प्रवेशद्वारापाशी किंवा नोंदणीच्या खिडकीजवळ. टेबलच नसेल तर ते रुग्णालय योजनेत नाही, तिथून निघा. टेबल असेल तर दोन गोष्टी विचारा. पहिली, हे रुग्णालय हृदयाच्या उपचारांसाठी योजनेत आहे का? एखादं रुग्णालय हाडांसाठी योजनेत असतं आणि हृदयासाठी नसतं, पण बाहेरचा बोर्ड एकच असतो. फसगत इथेच होते. दुसरी, अँजिओग्राफीचा खर्च कसा धरतात? नुसती तपासणी झाली तर काय आणि त्यातून अँजिओप्लास्टी ठरली तर काय, हे आधी स्पष्ट करून घ्या. रुग्णालय कागदपत्रं पाठवून पूर्वमंजुरी घेतं आणि मग उपचार होतात. रात्री-अपरात्री त्रास वाढला तर मंजुरीची वाट बघत बसू नका. तातडीच्या वेळी रुग्णालयाने फोनवर कळवून दाखल करून घ्यायचं असतं, कागद 72 तासांत दिले तरी चालतात. फुले योजनेचा टोल-फ्री क्रमांक 155388, आयुष्मानचा 14555. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी कुणी डिपॉझिट मागितलं तर तिथूनच, त्यांच्या समोरच फोन लावा.

नाशिकमध्ये आमचा पहिला सल्ला शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय हा राहील. हृदयरोगाचा विभाग असलेलं सरकारी रुग्णालय आहे, तुमच्याकडून सिटीलिंक बसने जाता येतं. गर्दी असते. सकाळी लवकर जा, जुने ईसीजी आणि चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून न्या.

आता तुमचे तीन हजार. त्या माणसाला एकच प्रश्न विचारा: अर्ज क्रमांक काय? आपले सरकार पोर्टलवर अर्ज गेला की क्रमांक मिळतो, रेशनच्या अर्जाला मिळतो, आयुष्मानलाही नोंद मिळते. क्रमांक नाही म्हणजे अर्जच गेलेला नाही. क्रमांक दिला तर स्वतः पोर्टलवर टाकून बघा. आणि अर्जात मोबाइल नंबर कुणाचा आहे तेही बघा. हे लोक सर्रास स्वतःचा नंबर टाकतात. मग त्रुटीचा मेसेज त्यालाच येतो, तुम्हाला पत्ता लागत नाही आणि मुदत निघून अर्ज बाद होतो. तुमचं आधार, पासबुक, मिस्टरांचा मृत्यू दाखला, जे मूळ कागद त्याच्याकडे असतील ते आधी परत घ्या. पैशांचं भांडण नंतर करता येईल. ओटीपी मागायला फोन आला तर देऊ नका, आणि व्हॉट्सॲपवर आलेली 'योजनेची फाइल' उघडू नका.

तो तुम्हाला जी 'विधवा पेन्शन' मिळवून देणार होता, ती म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. तिचे महिन्याला 1500 मिळतात. तुम्हाला लाडक्या बहिणीचे 1500 आधीच मिळतात. आणि लाडक्या बहिणीचा नियम असा आहे की सरकारच्या दुसऱ्या योजनेतून महिन्याला 1500 किंवा जास्त मिळत असतील तर हे बंद. म्हणजे तीन हजार देऊन तुम्हाला एका खिशातले 1500 दुसऱ्या खिशात मिळणार होते. शिवाय संजय गांधीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत लागतं. महिन्याला 1750. तुमचे साडेचार हजार म्हणजे वर्षाला 54,000. दोन घरच्या पोळ्या लाटणारी बाईसुद्धा या मापात बसत नाही, इतकं ते माप आखूड आहे. ते बदलायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. पण म्हणून 20,000 चा खोटा दाखला काढू नका. तोच दाखला मुलांच्या शिष्यवृत्तीला, रेशनला, सगळीकडे फिरतो. एका कागदावर 20,000 आणि दुसऱ्यावर 54,000 सापडले तर दोन्ही ठिकाणचं जातं, आणि स्वयंघोषणापत्रावर सही तुमची असते, दलालाची नाही.

आता जे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही ते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक गमावलेल्या, 18 वर्षांखालच्या मुलाला महिन्याला 2250 रुपये. तुमची दोन मुलं म्हणजे 4500, तुमच्या महिन्याच्या कमाईइतके. हे मुलांच्या संगोपनासाठीचं अनुदान आहे, लाडक्या बहिणीसारखं तुमच्या नावचं नाही. तरीही गल्लीतला फॉर्म भरणारा याचं नाव काढत नाही. त्याचं कारण एवढंच की यात बटण दाबून पाठवायचा फॉर्म नाही. कागदी फाइल करायची, जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायची, मग घरी चौकशीला माणूस येतो, आणि बालकल्याण समिती मुलांना समोर बघून आदेश देते. वेळ लागतो. पण तुमच्या सगळ्या यादीत मोठी रक्कम इथे आहे, म्हणून ही फाइल सगळ्यांत आधी द्या.

फाइलमध्ये काय लावायचं ते नीट सांगतो. दोन मुलांसाठी दोन वेगळ्या फाइली करा. साधा अर्ज, मिस्टरांचा मृत्यू दाखला, तुमचं आणि मुलाचं आधार, मुलाचा जन्म दाखला, चालू वर्षाचं शाळेचं बोनाफाइड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, राहत्या पत्त्याचा पुरावा, बँक पासबुकचं पहिलं पान. आणि घरासमोर तुमचा मुलांसोबत काढलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटो. हा फोटो बहुतेक जण विसरतात आणि त्यापायी एक हेलपाटा वाढतो. भाड्याची खोली असली तरी चालते, दार आणि तुम्ही तिघं ओळखू यायला हवेत. फाइल दिली की स्वतःच्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, सही. खिडकीवरचा माणूस 'ठेवून जा' म्हणाला तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. पोचेवरची तारीख हाच तुमचा पुरावा. गृहचौकशीला माणूस येईल तेव्हा मुलांच्या वह्या-पुस्तकं समोर ठेवा आणि काय परिस्थिती आहे ते आहे तसं सांगा. आदेश कायमचा नसतो. मुलं शाळेत असल्याचे कागद दरवर्षी द्यावे लागतात, तेव्हा जूनमध्ये बोनाफाइड घेताना दोन जास्तीच्या प्रती काढून ठेवत जा.

दुसरी एक गोष्ट तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेली. मिस्टर सहा वर्षं ठेकेदाराकडे होते. पगारातून पीएफ कापत होते का? जुनी पगाराची स्लिप, मोबाइलमधले पीएफचे मेसेज, यूएएन हा बारा अंकी नंबर शोधा. पीएफ कापत असतील तर तीन वेगळ्या रकमा आहेत. साठलेला पीएफ. ईडीएलआय विम्याची रक्कम, जी पगार आणि नोकरीच्या काळाप्रमाणे ठरते आणि कमाल 7 लाखांपर्यंत जाते. आणि पेन्शन. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एक महिन्याची जरी वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला पेन्शन लागते. ती किमान 1000 रुपये, आणि दोन मुलांना 25 वर्षांपर्यंत प्रत्येकी तिच्या चौथ्या हिश्श्याइतकी. फॉर्म तीन: 20, 5-आयएफ आणि 10-डी. नाशिकचं पीएफ कार्यालय सातपूरला आहे. अडतं कुठे? ठेकेदाराने मिस्टरांचं काम संपल्याची तारीख आणि 'मृत्यू' हे कारण ऑनलाइन भरलेलं नसतं, किंवा मिस्टरांनी वारसाचं नाव नोंदवलेलं नसतं. ठेकेदाराकडे लेखी मागा. टोलवाटोलवी केली तर ठेकेदाराचं नाव, कंपनीचं नाव आणि यूएएन घेऊन थेट पीएफ कार्यालयात जा. ही सरकारची मदत नव्हे, तुमच्या माणसाच्या घामाचे पैसे आहेत. एक मात्र लक्षात ठेवा, पेन्शन सुरू झाली की ती तुमच्या उत्पन्नात धरली जाईल आणि रेशनच्या मापात तुम्ही कदाचित बसणार नाही. तरीही आधी तीच घ्या. किमान पेन्शन मिळाली तरी मुलांचं धरून महिन्याचे 1500 होतात, आणि तुमची तुम्हाला पुनर्विवाह न केल्यास आयुष्यभर राहते.

आता रेशन. 'नवीन कार्ड काढून देतो' हे ऐकायला सोपं आहे, पण तुमच्या बाबतीत घाईने नवीन कार्ड काढणं महागात पडेल. आपल्याकडे कार्ड मिळणं आणि धान्य मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. महाराष्ट्रात तो 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. त्यात ग्रामीण भागातल्या 76.32 टक्के आणि शहरी भागातल्या 45.34 टक्के लोकांनाच धान्य देता येतं, एवढा कोटा ठरलेला आहे. त्यालाच इष्टांक म्हणतात. शहराचा कोटा भरलेला असेल तर तुमच्या हातात कोरं करकरीत केशरी कार्ड येईल आणि दुकानदार सांगेल, 'कार्ड आहे ताई, पण धान्य नाही.' जागा होते ती कुणाचं नाव कमी झालं तरच.

आज तुमची नावं गावच्या कार्डावर आहेत आणि दीर धान्य उचलतात, म्हणजे ते कार्ड प्राधान्य यादीत, म्हणजे कोट्यातून धान्य मिळणाऱ्यांच्या यादीत असणार. माणशी महिन्याला 5 किलो धान्य, मोफत. तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई, चार जणांचे 20 किलो. हे 20 किलो सिडकोत बसून उचलता येतात. पोर्टेबिलिटीमुळे कुठल्याही रेशन दुकानात जाऊन उचल करता येते, आणि कार्डावरचं सगळं एकदम उचलावं लागत नाही. दुकानदाराने तो बारा अंकी क्रमांक ई-पॉस मशीनमध्ये टाकला की कार्डावरची नावं दिसतात. तुमच्या नावापुढे अंगठा द्या, तुमच्या वाट्याचे 20 किलो घ्या, मशीनमधून निघणारी पावती घ्या. बाकीचं गावी दीर उचलतील. यासाठी फक्त दिरांशी एकदा नीट बोलावं लागेल. त्यांना सांगा की त्यांच्या वाट्याचं काही जात नाही. मिस्टरांचे 5 किलो मात्र आता घेता येणार नाहीत. मृत्यू दाखला देऊन नाव कमी करून घ्या, मागाहून तपासणीत सापडण्यापेक्षा ते बरं.

उचल महिन्याच्या सुरुवातीच्या आठवड्यांत करा. शेवटी दुकानात साठा उरत नाही. 'तुमचं कार्ड इथलं नाही' असं कुणी म्हणालं तर ते कारण चालत नाही. रेशनची हेल्पलाइन 1967 आणि 1800 22 4950.

अंगठा उमटत नाही ही दुसरी नेहमीची तक्रार. कणीक, भांड्यांचा साबण, यात बोटांच्या रेषा झिजतात. जायच्या आधी हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा आणि अंगठाच कशाला, दहाही बोटांपैकी जे बोट लागतं ते चालतं. एकदा कुठलं लागलं ते लक्षात ठेवा. बुबुळ स्कॅन करणारं मशीन असेल तर सासूबाईंसाठी तेच वापरायला सांगा. आणि सगळ्यांची ई-केवायसी झाली आहे का ते दुकानातच तपासा, नाही झाली तर तिथेच होते. ज्याची राहते त्याचं धान्य थांबतं. तुमच्या मुलाची राहिली असण्याची शक्यता जास्त आहे. लहानपणी काढलेल्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. 5 वर्षांनंतर आणि पुन्हा 15 वर्षांनंतर ते द्यावे लागतात. तो 9 वर्षांचा आहे, अजून दिले नसतील तर आधी आधार केंद्रात न्या.

पुढे कधी स्वतःचं वेगळं कार्ड हवंच असेल, तर आधी शहरातल्या धान्य वितरण अधिकारी कार्यालयात विचारा की प्राधान्य यादीत आत्ता जागा आहे का. असेल तरच सिन्नरला नाव कमी केल्याचा दाखला मागा. अर्ज आरसीएमएस महाफूड या सरकारी संकेतस्थळावर स्वतः करता येतो. नावं कमी केल्याचा दाखला, सगळ्यांची आधार, उत्पन्नाचा दाखला, वीजबिल आणि भाडेकरार लागतो. शहरात प्राधान्य यादीसाठी मर्यादा 59,000 आहे, तुमचे 54,000 त्यात बसतात. कायद्याने घरातली 18 वर्षांवरची सगळ्यांत मोठी बाई कुटुंबप्रमुख असते, म्हणजे सासूबाई. दीर किंवा भाऊ यांचं नाव प्रमुख म्हणून घालायची गरज नाही. आणि अर्जासोबत एका साध्या कागदावर स्वतंत्रपणे लिहून द्या की अन्नसुरक्षा योजनेत समावेश करावा, आणि विधवा कुटुंब म्हणून अंत्योदयमध्ये (सगळ्यांत गरीब घरांसाठीची रेशन योजना) जागा झाल्यास तिथे विचार व्हावा. अंत्योदयला माणसं मोजत नाहीत, घराला 35 किलो मिळतात.

शेवटी ते 'नाव जुळत नाही'. तुमच्या सगळ्या अर्जांचं कुलूप हेच आहे. सगळे कागद एका जागी घ्या, जमिनीवर ओळीने मांडा आणि प्रत्येकावरचं इंग्रजी नाव वहीत जसंच्या तसं उतरवा, एकाखाली एक. आधार माहेरच्या नावाने आहे का? पासबुकात 'सौ.' घुसलं आहे का? एकावर 'सुनीता'मध्ये डबल ई आणि दुसऱ्यावर आय आहे का? संगणकाला ती दोन बायका वाटतात. ज्या नावाने जास्त कागद आहेत ते नाव पक्कं करा आणि बाकीचे त्याच्यावर आणा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून आधी ठरवा, मग केंद्रात जा. त्याच फेरीत मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा जोडून घ्या. मिस्टरांच्या नावाचं सिम वापरत असाल तर ते आधी स्वतःच्या नावावर करा, ते बंद पडलं तर सगळे ओटीपी त्यासोबत जातील.

बँकेचंही एक बघा. 'खात्याला आधार लिंक आहे' आणि 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग आहे' यांत फरक आहे. सरकारी पैसा खाते क्रमांक बघून येत नाही. आधारला शेवटी जी बँक सीड झाली तिच्यात पडतो. माय-आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, बँकेचं नाव आणि चालू की बंद हे दिसतं. सासूबाईंचं विशेष करून बघा, गावाकडचं विसरलेलं खातं निघायची शक्यता आहे. तसं असेल तर पोस्टाच्या पेमेंट बँकेत खातं उघडून सीडिंगचा फॉर्म भरा. त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजनेचा अर्ज करायचा आहे. 65 वर्षांवर, महिन्याला 1500, मर्यादा तीच 21,000. अर्जात कुटुंब म्हणून कुणाला धरायचं हे तहसीलच्या संजय गांधी शाखेत आधी विचारा आणि मगच उत्पन्नाचा दाखला काढा. सिन्नरच्या सात-बाऱ्यावर त्यांचं नाव असेल तर तलाठी जमिनीचं उत्पन्न धरतो, तेही आधीच बघून घ्या. राज्यात 15 वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला.

उत्पन्नाचा दाखला आपले सरकार पोर्टलवर स्वतः काढता येतो. तुमच्या बाबतीत गेल्या वर्षीच्या उत्पन्नात मिस्टरांचा पगार येईल आणि आकडा फुगेल. म्हणून मृत्यू दाखला जोडा आणि स्वयंघोषणापत्रात स्पष्ट लिहा की कमावता माणूस अमुक तारखेला गेला, आज घरात फक्त तुमचं साडेचार हजारांचं उत्पन्न आहे. ही गोष्ट तलाठ्यालाही समक्ष सांगा. कागद अपलोड करताना प्रत्येक फाइल 75 ते 500 केबीच्या मध्ये लागते. मोबाइलचा सरळ फोटो तीन-चार हजार केबीचा असतो, तो जात नाही. फार दाबून लहान केला तर अक्षर वाचता येत नाही आणि त्रुटी निघते. साध्या स्कॅनर ॲपने, दिवसा, खिडकीजवळ स्कॅन करा. फाइल 200 ते 300 केबीची झाली की झूम करून शिक्का वाचता येतो का बघा, येत असेल तर पाठवा. दाखला साधारण त्या आर्थिक वर्षापुरता, 31 मार्चपर्यंत चालतो, तेव्हा फेब्रुवारीत काढू नका.

मुदतीत काम झालं नाही तर 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते. ती उलटली किंवा अर्ज नाकारला तर 30 दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, तेही पोर्टलवरूनच. तोंडी 'नाही होणार' याला काही अर्थ नाही, नकार लेखी मागा, कारणासकट. त्यानेही हललं नाही तर सीबीएसजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो, सोबत जुन्या पोचेची प्रत.

तर उद्या सकाळी शालिमार. सासूबाईंचं आधार, कार्डाचा फोटो आणि जुने ईसीजी एका पिशवीत आजच भरून ठेवा. परवा शाळेत जाऊन दोन्ही मुलांचं बोनाफाइड मागा.